रॉ छायाचित्रांचा संगणकावरील काळपटपणा : कारणमीमांसा, निदान व उपाययोजना
(वसईच्या एव्हरशाईन सिटी परिसरातील विवाह-छायाचित्रणाच्या संदर्भात)

सारांश

डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यावर उजळ व समाधानकारक दिसणारे रॉ स्वरूपातील छायाचित्र संगणकावरील संपादन-सॉफ्टवेअरमध्ये आयात करताच काळपट दिसू लागते, असा अनुभव व्यावसायिक तसेच हौशी छायाचित्रकारांना वारंवार येतो. या काळपटपणाचे कारण एक्स्पोजर कमी पडणे हेच असावे, असा समज सर्वसाधारणपणे करून घेतला जातो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे. छायाचित्र काळपट दिसणे आणि त्याचे एक्स्पोजर कमी पडलेले असणे या दोन भिन्न बाबी असून, त्यांतील भेद न ओळखता केलेला उपाय मूळ दोषापेक्षा अधिक हानिकारक ठरतो, हे या विवेचनाचे प्रमुख प्रतिपादन होय.

बीजसंज्ञा : रॉ फाईल, जेपेग, एक्स्पोजर, हिस्टोग्राम, टोन कर्व्ह, मध्यम करडी छटा.

१. प्रस्तावना

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटी ही मोठी निवासी वसाहत वसलेली आहे. वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना २००९ मध्ये, तर ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्ह्याची निर्मिती १ ऑगस्ट २०१४ रोजी झाली. मुंबईच्या उपनगरांतून येथे स्थायिक झालेली मध्यमवर्गीय कुटुंबे, वसई पश्चिमेच्या पट्ट्यातील जुना ख्रिस्ती समाज, आगरी-कोळी समाज आणि देशाच्या विविध प्रांतांतून आलेले रहिवासी यांच्यामुळे या परिसरातील विवाहसोहळ्यांना बहुरंगी स्वरूप प्राप्त झाले आहे. एका आठवड्यात सभागृहातील पिवळ्या प्रकाशात जरीकाठी नऊवारी नेसलेली वधू, तर पुढच्या आठवड्यात चर्चच्या मंद उजेडात पांढऱ्याशुभ्र झग्यातील वधू, अशा सर्वस्वी भिन्न परिस्थितीत येथील छायाचित्रकारास काम करावे लागते.

या संदर्भात एक नमुनादाखल प्रसंग विचारात घेता येईल. रात्री उशिरा सोहळा आटोपून छायाचित्रकार घरी परततो, मेमरी कार्डावरील शेकडो रॉ फाईल संगणकावर उतरवतो आणि संपादन-सॉफ्टवेअर उघडतो. पहिले छायाचित्र क्षणभर कॅमेऱ्यात दिसले तसेच उजळ दिसते आणि पाहता पाहता काळवंडते. दुसरे, तिसरे, चौथे अशी एकामागून एक छायाचित्रे मलूल होत जातात. विवाह ही पुन्हा न घडणारी घटना असल्याने त्याच्या मनात प्रथम भीती आणि नंतर अपराधभाव निर्माण होतो. पुढील सोहळ्यात तो खबरदारी म्हणून सर्वच छायाचित्रे एक ते दीड स्टॉप अधिक उजळ घेतो. परिणामी वधूच्या पांढऱ्या झग्यावरील लेसचे नक्षीकाम अथवा पदरावरील जरीची वीण पूर्णतः पांढऱ्या डागात नाहीशी होते आणि ती कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. पहिल्या सोहळ्यात बहुधा काहीच बिघडलेले नव्हते, दुसऱ्यात मात्र खरोखर बिघडले. चुकीच्या निदानाची ही किंमत होय.

२. विवेचनाची उद्दिष्टे

१) रॉ फाईल व कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारे चित्र यांतील फरक स्पष्ट करणे.
२) आयातीनंतर जाणवणाऱ्या काळपटपणाच्या कारणांचे वर्गीकरण करणे.
३) खरा एक्स्पोजर-दोष व आभासी काळपटपणा यांतील भेद ओळखण्याची सुलभ पद्धती मांडणे.
४) प्रत्येक कारणास अनुरूप उपाय सुचविणे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी : एक्स्पोजर व डेव्हलपिंग

हा प्रश्न वरकरणी संगणकयुगातील वाटत असला तरी त्याचे मूळ जुने आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. त्या काळापासून फिल्मयुगाच्या अखेरपर्यंत, डार्करूममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकास फिकी, पातळ निगेटिव्ह हाती आली की एक प्रश्न विचारावा लागे : प्रकाश कमी पडला की डेव्हलपिंग कमी झाले? या प्रश्नाचे उत्तर निगेटिव्हमध्येच दडलेले असे. दृश्याच्या गडद भागांतील तपशील निगेटिव्हवर उमटलेलाच नसेल, तर प्रकाश कमी पडला असे समजले जाई. गडद भागांतील तपशील उमटला आहे, परंतु उजळ भागांना पुरेशी घनता आलेली नाही, अशी स्थिती असेल तर डेव्हलपिंग अपुरे झाले असा निष्कर्ष काढला जाई. पहिला दोष कॅमेऱ्यातील असून तो भरून येण्यासारखा नव्हता. दुसरा डार्करूममधील असून पुढील कामात सुधारता येण्यासारखा होता.

रॉ फाईल ही एका अर्थाने आजची निगेटिव्ह आणि संपादन-सॉफ्टवेअर ही आजची डार्करूम आहे. म्हणूनच संगणकावर काळपट दिसणाऱ्या छायाचित्राबाबतही तोच जुना प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. मात्र एक महत्त्वाचा फरक येथे नोंदविला पाहिजे. निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश बऱ्याच प्रमाणात सहन करीत असे, डिजिटल सेन्सर मात्र तो सहन करीत नाही. सेन्सरची क्षमता जेथे संपते तेथे माहितीही संपते.

४. रॉ फाईलचे स्वरूप

बहुसंख्य डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल, हिरव्या व निळ्या फिल्टरांची सूक्ष्म जाळी बसविलेली असते. कोडॅक कंपनीतील शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांच्या नावे १९७६ मध्ये या रचनेचे पेटंट मंजूर झाले, म्हणून तिला बायर रचना म्हणतात. रॉ फाईलमध्ये प्रत्येक बिंदूवर पडलेल्या प्रकाशाची केवळ संख्यात्मक नोंद असते. बारा बिटांच्या फाईलमध्ये ४,०९६, तर चौदा बिटांच्या फाईलमध्ये १६,३८४ पातळ्या नोंदविता येतात. रंग, उजळपणा, कॉन्ट्रास्ट या गोष्टी या नोंदीचा अर्थ लावल्यानंतर सिद्ध होतात. तात्पर्य, रॉ फाईल हे तयार चित्र नसून चित्रासाठीचा कच्चा माल आहे.

ही नोंद समप्रमाणात असते. प्रकाश दुप्पट झाला की संख्याही दुप्पट होते. मानवी दृष्टीचे कार्य मात्र असे चालत नाही. दृश्यातील प्रकाशापैकी १८ टक्के परावर्तित करणारी करडी छटा डोळ्यांना काळ्या-पांढऱ्याच्या साधारण मध्यावर असल्यासारखी भासते. ही छटा समप्रमाण मोजणीनुसार ० ते २५५ या श्रेणीत मांडली, तर तिचे मूल्य अवघे ४६ येते. संगणकाच्या पडद्यांसाठी प्रमाण मानल्या गेलेल्या एसआरजीबी पद्धतीने तिचे रूपांतर केले की तेच मूल्य ११८ होते. प्रकाश तोच, नोंद तीच, परंतु एका मांडणीत छटा काळपट आणि दुसऱ्या मांडणीत यथायोग्य दिसते. काळपटपणा हा नोंदीचा गुणधर्म नसून मांडणीचा परिणाम असू शकतो, हे या साध्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

५. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नेमके काय दिसते?

छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावर जे पाहतो ती रॉ फाईल नसते. प्रत्येक रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेले एक छोटे जेपेग चित्र साठविलेले असते आणि पडद्यावर तेच दाखविले जाते. कॅमेऱ्यातील हिस्टोग्रामही सर्वसाधारणपणे याच जेपेगवर आधारित असतो. हे चित्र तयार करताना उत्पादक कंपनीने ठरविलेली टोन कर्व्ह, रंगशैली, कॉन्ट्रास्ट आणि गडद भाग उजळ करण्याची योजना या सर्वांचा वापर केला जातो.

संपादन-सॉफ्टवेअरमध्ये आयात करताना प्रथम हेच अंतर्भूत जेपेग क्षणभर दाखविले जाते. त्यानंतर सॉफ्टवेअर स्वतःच्या पद्धतीने रॉ नोंदीचा अर्थ लावते आणि नवे चित्र पडद्यावर येते. क्षणभर उजळ आणि मग काळपट असा जो अनुभव येतो त्याचे रहस्य एवढेच आहे. चित्र बिघडत नाही, तर एका दुभाष्याच्या जागी दुसरा दुभाषी येतो.

६. कारणमीमांसा

आयातीनंतरच्या काळपटपणाची कारणे पुढील पाच गटांत विभागता येतील.

६.१ सॉफ्टवेअरची मूळ टोन कर्व्ह व आधारभूत उजळपणा : मध्यम करडी छटा सेन्सरच्या कमाल क्षमतेच्या किती खाली ठेवावी, याबाबत सर्व उत्पादकांचे धोरण एकसारखे नाही. आयएसओ १२२३२ या प्रमाणकानुसार संवेदनशीलता ठरविण्याच्या एकाहून अधिक पद्धती मान्य आहेत. त्यांपैकी एक पद्धत तयार जेपेगमधील मध्यम करड्या छटेवर आधारित असून, रॉ नोंदीत ती छटा कोणत्या पातळीवर असावी हे त्या पद्धतीत निश्चित केलेले नाही. त्यामुळे उजळ भागांसाठी अधिक जागा राखून ठेवणाऱ्या कॅमेऱ्याची रॉ नोंद स्वभावतःच खालच्या पातळीवर असते. सॉफ्टवेअरला प्रत्येक कॅमेऱ्यासाठी स्वतंत्र भरपाई करावी लागते. ॲडोबी कंपनीने २००४ मध्ये जाहीर केलेल्या डीएनजी स्वरूपात या भरपाईसाठी खास नोंदीची तरतूद आहे. भरपाई अपुरी असेल अथवा केलीच नसेल, तर छायाचित्र काळपट दिसते.

६.२ कॅमेऱ्यातील आपोआप उजळ करणाऱ्या योजना : कॅननचा ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, सोनीचा डायनॅमिक रेंज ऑप्टिमायझर, निकॉनचे ॲक्टिव्ह डी-लायटिंग या योजना चित्रातील गडद भाग उजळ करतात. हा परिणाम जेपेगमध्ये उतरतो, रॉ नोंदीत नाही. इतर कंपन्यांची सॉफ्टवेअर या योजनांची दखल सहसा घेत नाहीत. त्यामुळे कॅमेऱ्यात उजळ दिसलेला चेहरा संगणकावर सावलीत गेल्यासारखा वाटतो.

६.३ उजळ भाग वाचविण्यासाठी एक्स्पोजर घटविणाऱ्या योजना : हा गट विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण येथे रॉ नोंदीवरही परिणाम होतो. कॅननच्या हायलाइट टोन प्रायॉरिटीमध्ये नोंद सुमारे एक स्टॉप कमी पातळीवर केली जाते, म्हणूनच ती सुरू असताना आयएसओ १०० निवडता येत नाही. फुजीफिल्मच्या डीआर २०० मध्ये एक, तर डीआर ४०० मध्ये दोन स्टॉप कमी नोंद होते आणि जेपेग तयार करताना मधल्या व गडद छटा पुन्हा वर उचलल्या जातात. निकॉनचे ॲक्टिव्ह डी-लायटिंगही वरच्या पातळ्यांवर एक्स्पोजर काहीसे घटविते. काही सॉफ्टवेअर ही तूट आपोआप भरून काढतात, काही नाही. ज्यांत भरपाई होत नाही त्यांत छायाचित्र एक वा दोन स्टॉप काळपट दिसणे अटळ असते.

६.४ पडदा व परिसरातील उजेड : सभागृहातील मंद प्रकाशात कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांना अतिशय तेजस्वी भासतो, त्यामुळे मुळात कमी उजळ असलेले छायाचित्रही तेथे समाधानकारक वाटते. तेच छायाचित्र दुसऱ्या दिवशी खिडकीशेजारी ठेवलेल्या, वीजबचतीसाठी मंद केलेल्या लॅपटॉपवर काळे दिसते. याउलट पडदा अवाजवी तेजस्वी असेल, तर त्यावर योग्य दिसणारे छायाचित्र छापील अल्बममध्ये काळपट उतरते. संपादनासाठी पडद्याची तेजस्विता साधारणतः ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर असावी, असा प्रघात आहे.

६.५ प्रत्यक्ष एक्स्पोजर कमी पडणे : वरील चारही कारणांचा विचार केल्यानंतरच या कारणाकडे वळणे योग्य ठरते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरील दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालतो. वसईच्या मिठागरांत भर दुपारी पांढऱ्या मिठाच्या राशींचे छायाचित्र घेतले तर मापक त्या राशींना करडे करू पाहतो आणि चौकट काळवंडते. चर्चमधील पांढऱ्या झग्याने चौकट व्यापली असताना नेमके हेच घडते. अशा वेळी दृश्यानुसार एक ते दोन स्टॉपपर्यंत धन भरपाई द्यावी लागते. छतावरून परावर्तित केलेला फ्लॅश उंच छतामुळे अपुरा पडणे, मागील रोषणाईने मापकाची दिशाभूल होणे, आदल्या कामासाठी दिलेली ऋण भरपाई तशीच राहून जाणे हीदेखील नेहमीची कारणे आहेत.

७. निदानाची पद्धती

कारण निश्चित करण्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो. या क्रमात कोणत्याही टप्प्यावर मूळ फाईलमध्ये बदल होत नाही.

प्रथम, छायाचित्र कोणत्या क्षणी काळपट होते याचे निरीक्षण करावे. आरंभी उजळ दिसून नंतर काळवंडत असेल, तर रूपांतरातील फरक हे कारण असण्याची शक्यता मोठी असते. आरंभापासूनच काळे असेल, तर पडद्याची तेजस्विता तपासावी. त्यासाठी पूर्वी छापून घेतलेल्या व योग्य उतरलेल्या एखाद्या छायाचित्राची फाईल उघडून तिची छापील प्रतीशी तुलना करावी.

दुसऱ्या टप्प्यात तीच रॉ फाईल कॅमेरा-उत्पादकाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे एनएक्स स्टुडिओ यांसारखी सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातील योजनांची दखल घेतात. तेथे छायाचित्र उजळ दिसले तर दोष रूपांतराचा आहे असे मानण्यास आधार मिळतो. मात्र केवळ एवढ्यावरून एक्स्पोजर पुरेसे होते असे सिद्ध होत नाही, कारण हे सॉफ्टवेअर ६.३ मधील तूटही भरून दाखविते.

म्हणून तिसऱ्या टप्प्यात फाईलसोबत नोंदलेली माहिती वाचावी. आयएसओ, शटर, ॲपर्चर, एक्स्पोजर भरपाई, फ्लॅशची स्थिती आणि उपरोक्त योजना सुरू होत्या की बंद, हे त्यातून कळते.

चौथा टप्पा निर्णायक होय. सॉफ्टवेअरमधील एक्स्पोजरचा सरकदांडा एक स्टॉपने वर न्यावा आणि चित्र शंभर टक्के मोठे करून गडद भाग पाहावेत. वराच्या काळ्या कोटाच्या घड्या, वधूच्या केसांतील गजऱ्यामागची सावली अशा ठिकाणी स्वच्छ तपशील मिळत असेल, तर नोंद सुदृढ आहे. तेथे रंगीत ठिपके, जांभळट वा हिरवट डाग आणि पुसट कडा दिसत असतील, तर सेन्सरवर पुरेसा प्रकाश पडलेला नाही. फिकी निगेटिव्ह प्रकाशाला धरून पाहण्याच्या जुन्या रीतीचेच हे आजचे रूप आहे.

या कसोटीमागील शास्त्र सोपे आहे. प्रकाश कणांच्या रूपाने येतो आणि त्यांच्या संख्येत स्वाभाविक चढउतार असतो. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. एका बिंदूवर १०,००० प्रकाशकणांची नोंद झाली तर चढउतार १०० इतका, म्हणजे एक टक्का असतो. दोन स्टॉप कमी प्रकाशात केवळ २,५०० कण नोंदले जातात, चढउतार ५० इतका, म्हणजे दोन टक्के होतो. सरकदांडा वर नेल्याने संख्या चौपट होते, परंतु चढउतारही चौपट होतो, त्यांचे गुणोत्तर सुधारत नाही. न पडलेला प्रकाश सॉफ्टवेअर निर्माण करू शकत नाही.

८. उपाययोजना

८.१ रूपांतरातील फरकासाठी : ॲडोबी लाईटरूममध्ये छायाचित्रास कॅमेऱ्याच्या शैलीशी जुळणारी प्रोफाईल लावता येते. २०२० पासून लाईटरूम क्लासिकमध्ये रॉ फाईलची मूळ स्थिती कॅमेऱ्यातील सेटिंग्जनुसार अथवा स्वतः तयार केलेल्या प्रिसेटनुसार ठेवण्याची सोयही आहे. विनामूल्य उपलब्ध असलेल्या रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये २०१८ पासून अंतर्भूत जेपेगशी जुळणारी टोन कर्व्ह आपोआप तयार होते. डार्कटेबलच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मूळ स्थितीतच उजळपणात काही वाढ केलेली असते. एकाच कॅमेऱ्याच्या सर्व छायाचित्रांत समान फरक आढळत असेल, तर तो एकदा मोजून आयातीच्या प्रिसेटमध्ये कायमचा समाविष्ट करावा. त्यासाठी करड्या कार्डाचे एक छायाचित्र रॉ व जेपेग अशा दोन्ही स्वरूपांत घेऊन तुलना करणे पुरेसे असते. याच संदर्भात, पूर्वी तयार केलेले एखादे चुकीचे प्रिसेट आयातीच्या वेळी आपोआप लागत नाही ना, याचीही खात्री करावी.

८.२ कॅमेऱ्यातील योजनांसाठी : केवळ रॉ स्वरूपात काम करणाऱ्याने ६.२ मधील योजना बंद ठेवाव्यात, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा व हिस्टोग्राम रॉ नोंदीच्या अधिक जवळ जातात. कॅमेऱ्यातील चित्रशैली कमी कॉन्ट्रास्टची ठेवल्यास हिस्टोग्राम अधिक विश्वसनीय होतो. ६.३ मधील योजना झगझगीत उन्हात उपयुक्त ठरू शकतात, परंतु त्यांचा परिणाम जाणूनच त्या वापराव्यात.

८.३ पडद्यासाठी : पडद्याची तेजस्विता निश्चित करावी, आपोआप कमी-जास्त होण्याची सोय बंद ठेवावी, शक्य असल्यास मापनयंत्राने प्रोफाईल तयार करावी आणि संपादन शक्यतो सारख्याच उजेडात करावे. कॅमेऱ्याच्या पडद्याची तेजस्विताही आपोआप न ठेवता मध्यम पातळीवर स्थिर करावी.

८.४ प्रत्यक्ष दोषासाठी : तूट एका स्टॉपच्या आसपास असेल आणि आयएसओ फार उंच नसेल, तर ती बहुधा समाधानकारकरीत्या भरून निघते. तूट त्याहून मोठी असेल, तर संपूर्ण चित्र उचलण्याऐवजी चेहऱ्यांपुरता भाग निवडून उजळ करणे आणि पार्श्वभूमी गडद राहू देणे अधिक सुसंगत ठरते. पुढील कामासाठी मात्र उपाय कॅमेऱ्यातच करावयास हवा. सोहळ्यापूर्वी सभागृहात चाचणी छायाचित्रे घेऊन सर्वांत उजळ, परंतु तपशील हवा असलेला भाग कोणता हे निश्चित करावे. तो भाग कमाल मर्यादेच्या आत राहील इतका प्रकाश द्यावा आणि त्याहून कमी प्रकाश विनाकारण देऊ नये. हिस्टोग्रामचे तीनही रंग स्वतंत्रपणे पाहणे येथे आवश्यक आहे, कारण पिवळ्या दिव्यांखाली लाल शालूचा लाल रंग इतर रंगांच्या आधी मर्यादा ओलांडू शकतो.

९. उजळपणा व त्वचेचा वर्ण

या विषयास एक सामाजिक पैलूही आहे. छायाचित्र काळपट आहे ही तक्रार अनेकदा संपूर्ण चित्राविषयी नसून चेहऱ्याविषयी असते. सावळ्या वर्णाचा चेहरा योग्य एक्स्पोजरमध्ये गोऱ्या चेहऱ्यापेक्षा गडद दिसणे स्वाभाविक आहे, तो दोष नव्हे. प्रकाशमापक मात्र सावळ्या आणि गोऱ्या अशा दोन्ही चेहऱ्यांना एकाच करड्या पातळीवर आणू पाहतो, तसेच सॉफ्टवेअरमधील आपोआप सुधारणेचे बटण चेहऱ्याचा वर्ण जाणत नाही.

तंत्र व वर्ण यांचा हा संबंध नवा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅकच्या प्रयोगशाळांतून छपाईचे रंग जुळविण्यासाठी जी नमुना कार्डे वापरली जात, त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचीच छबी असे. ही कार्डे शर्ली कार्डे या नावाने ओळखली जात. एका वर्णास प्रमाण मानल्यामुळे इतर वर्णांच्या व्यक्तींची छायाचित्रे त्या छपाईत न्यायाने उतरत नसत. आज तेच कार्य अजाणतेपणी सरकदांड्याने होऊ शकते. वधूचा चेहरा एक स्टॉपने उचलताना तिची आई, बहीण व मैत्रिणी ज्या वर्णात तिला ओळखतात तो वर्णच पुसला जात असेल, तर ते संपादन तांत्रिकदृष्ट्या सफाईदार असूनही असत्य ठरते. म्हणून उजळपणाचा निर्णय चेहऱ्यावरून न घेता करडे कार्ड, पांढरे वस्त्र अथवा भिंत अशा तटस्थ आधारावरून घ्यावा आणि चेहऱ्यास त्याच्या जागी राहू द्यावे. चेहऱ्यावर खरोखरच सावली असेल, तर ती दूर करणे आणि वर्ण बदलणे यांतील सीमारेषा अशा आधारामुळेच स्पष्ट होते.

१०. निष्कर्ष

१) कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारे चित्र व रॉ फाईल या भिन्न वस्तू असून, पहिल्यावरून दुसरीची परीक्षा करणे अपुरे आहे.
२) आयातीनंतरचा काळपटपणा अनेकदा रूपांतराचा, कॅमेऱ्यातील योजनांचा अथवा पडद्याचा परिणाम असतो.
३) एक्स्पोजर खरोखर कमी होते किंवा नाही याची कसोटी चित्राच्या एकूण उजळपणात नसून गडद भागांतील तपशिलाच्या शुद्धतेत आहे.
४) आभासी काळपटपणा सॉफ्टवेअरमध्ये पूर्णतः दूर होतो. खरी तूट अंशतः भरून निघते. मर्यादा ओलांडून गेलेला उजळ भाग मात्र परत मिळत नाही. म्हणून निदानापूर्वी एक्स्पोजर वाढविण्याची सवय धोक्याची आहे.
५) त्वचेच्या वर्णास एक्स्पोजरचा दोष समजणे ही निदानातील स्वतंत्र चूक असून तिच्याकडे विशेष लक्ष देण्याची गरज आहे.

समारोप करताना असे म्हणता येईल की, काळवंडलेले छायाचित्र समोर येताच सरकदांड्याकडे हात नेण्यापूर्वी डार्करूममधील जुन्या कारागिराप्रमाणे प्रकाश कमी पडला की डेव्हलपिंग, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. या प्रश्नासाठी खर्ची पडणारी पाच मिनिटे एखाद्या कुटुंबाच्या अल्बममधील जरीचा काठ, लेसची नक्षी आणि माणसांचे खरे चेहरे वाचवू शकतात.